जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं? नाही हो!

आमच्या खानापूर-बेळगाव भागात अजून म्हणतात, बाईच्या केसात जट (केसांचा घट्ट गुंता) आली की सौंदत्तीच्या यल्लम्मानं बोलावलं, कापली तर देवी कोपते. मी देवीच्या डोंगरावर कितीदा जाऊन आलोय, जोगुळभावीच्या कुंडात अंघोळ, भंडारा, "उदो गं आई उदो" सगळं मनापासून करतो, म्हणूनच सांगतोय, हे खरं नाही.

कथा काय आहे बघा. रेणुका, म्हणजेच आपली यल्लम्मा, रोज वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करून त्यातनं पाणी आणायची, एक दिवस गंधर्वाची जलक्रीडा बघून मन विचलित झालं आणि घडा काही जमेना, तिचे पती जमदग्नी चिडले, मुलगा परशुरामानं तिला मारायची त्यांची आज्ञा पाळली आणि नंतर वर मागून आईला परत जिवंत केलं. यात जट कुठाय?

जट होते ती केस विंचरले नाहीत, नीट धुतले नाहीत, तेल-धूळ-घाम बसून गुंता घट्ट झाला की. मग भीतीनं कोण हात लावत नाही आणि ती वाढतच जाते. शेजारच्या काकूंची जट कापली तेव्हा मी तिथंच होतो, दोरखंडासारखी जड, खाली टाळूला फोड आलेले, उवा झालेल्या, मान तर कायम दुखायची. महाराष्ट्रात अंनिसवाल्यांनी (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) अशा कितीतरी जटा सोडवल्यात.

आणि जट आली म्हणून पोरीला देवीला सोडायचं, म्हणजे देवदासी करायचं, हे तर कर्नाटकात 1982 च्या कायद्यापासून गुन्हाच आहे. काकू आता अंबाडा घालतात, पुनवेला डोंगरावरही जातात.