अमेरिकेने ऐकलेले फुगे जर्मनच होते

नेना या पश्चिम जर्मन बँडचं ९९ फुग्यांचं गाणं अमेरिकेत गाजलं ते इंग्रजीत केल्यामुळेच, असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. हे खरं नाही. १९८३ मध्ये जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं मूळ जर्मन गाणंच मार्च १९८४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. शब्द न कळताही लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि याचं श्रेय त्या भाषेला मिळायलाच हवं. इंग्रजी आवृत्ती पहिल्या क्रमांकावर गेली ती ब्रिटनमध्ये. तिथूनच हा घोळ झाला असावा.

दुसरा गैरसमज रंगाचा. इंग्रजी गाण्याचं नाव ‘९९ रेड बलून्स’, म्हणून मूळ फुगेही लालच, असं मानलं जातं. मूळ गाण्यात, म्हणजे ‘९९ लुफ्टबालोन्स’मध्ये, ‘लाल’ हा शब्दच नाही. ‘लुफ्ट’ म्हणजे हवा, ‘लुफ्टबालोन्स’ म्हणजे आपले साधे फुगे. मोठ्याने म्हणून बघा: लुफ्ट-बा-लोन्स, तीन ठोके. इंग्रजी ‘बलून्स’मध्ये दोनच. ‘रेड’ जोडलं की चाल बरोबर भरते.

आणि इंग्रजी शब्द हे भाषांतरही नव्हे, ते वेगळे लिहिलेले आहेत. मूळ शब्द बँडचे गिटारवादक कार्लो कार्गेस यांचे. १९८२ मध्ये पश्चिम बर्लिनमधल्या रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमात सोडलेले फुगे वाऱ्यावर जाताना त्यांनी पाहिले होते. हे फुगे बर्लिनच्या भिंतीपलीकडे, पूर्वेकडे गेले तर काय होईल, हा विचार तिथलाच.