दोन गाण्यांमधली शांतता

परवा फोनवर एक जुनं गाणं लावलं होतं. ते संपलं आणि पुढचं सुरू व्हायच्या आत मी भलत्याच चालीत गुणगुणायला लागले. फोनने लावलेलं गाणं वेगळंच निघालं. मग मला ते आठवलेलं कुठून? जरा डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. शाळेत असताना रेडिओवरून भरून घेतलेल्या एका कॅसेटवर या गाण्यामागे ते दुसरं गाणं होतं. ती कॅसेट कधीच गेली, क्रम मात्र डोक्यात तसाच राहिला.

हे माझ्या एकटीचं वेड असेल असं वाटलं होतं, पण दोन गाण्यांमधल्या याच शांततेवर चक्क संशोधन झालेलं आहे. २००९ साली जॉर्जटाउन विद्यापीठातल्या अँबर लीव्हर, योसेफ राउशेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या पाठ असलेल्या सीडीवरच्या गाण्यांचे शेवट ऐकवले. शेवट वाजला की काही सेकंद पूर्ण शांतता, आणि तेवढ्यात मेंदूचं स्कॅनिंग. क्रम ओळखीचा असला तर त्या शांततेत मेंदूच्या पुढच्या भागात लगबग दिसली. त्यात हालचालींची आखणी करणारे भागही होते. म्हणजे पुढचं गाणं आपण आठवत बसत नाही. पायऱ्या उतरताना पाय जसा पुढच्या पायरीच्या तयारीत असतो, तसा मेंदू त्या गाण्याच्या तयारीत असतो.

आता हा क्रम इतका घट्ट का बसावा? उत्तराचा अर्धा भाग त्या प्लॅस्टिकच्या डबीतच आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. तिच्यातली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. हिशोब केला तर ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे सुमारे ८६ मीटर फीत. चार मिनिटांचं नावडतं गाणं टाळायचं तर अकरा-साडेअकरा मीटर फीत पुढे पळवायची, मध्ये थांबवून अंदाज घ्यायचा, फार पुढे गेलं म्हणून परत मागे यायचं. एवढा उपद्व्याप कोण करणार? त्यापेक्षा ते गाणं ऐकून घेतलेलं परवडायचं. आणि ऐकता ऐकता ते आवडायलाही लागायचं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला बरी वाटू लागते. माझी निम्मी आवड अशा आळसातून तयार झाली आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

कॅसेटची आणखी एक गंमत त्या वेळी अनेकांच्या कानांवर आली असेल, पण कारण ठाऊक नसेल. गाणं सुरू होण्याच्या दोन-एक सेकंद आधी त्याची पहिली ओळ अगदी पुसट, भुताटकीसारखी ऐकू यायची. फितीवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि फीत गुंडाळलेली असते, त्यामुळे एका वेढ्यावरचं चुंबकत्व खालच्या-वरच्या वेढ्यांवर किंचित उमटतं. वेढा जेवढा मोठा तेवढा मधला वेळ जास्त. पहिल्या ओळीनंतर उमटलेली छाप गाण्याच्याच आवाजात बुडून जाते, आधीची मात्र शांततेत पकडली जाते. म्हणजे पुढचं गाणं काय आहे, याची चुगली कॅसेट स्वतःच करायची.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग आपल्या वयात आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना सुचतील त्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या आठवणी कोणत्या वयातल्या आहेत याचा आलेख काढला, तर साधारण १० ते ३० या वयांच्या जागी एक उंचवटा येतो. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८६ साली मांडला आणि नंतर तो वेगवेगळ्या देशांत सापडत गेला. सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण, असं विचारलं तरी हाच प्रकार. उत्तर देणारा बहुधा अशा खेळाडूचं नाव घेतो, जो तो स्वतः सतराच्या आसपास असताना ऐन भरात होता. वाद खेळाचा चाललाय असं आपल्याला वाटतं, पण चालू असतो जन्मतारखांचा.

उंचवटा का येतो, यावर एकमत नाही. कुणी त्या वयातल्या मेंदूच्या तल्लखपणाकडे बोट दाखवतं, कुणी ‘मी कोण’ हे ठरण्याच्या काळाकडे. मला पटतं ते पहिलेपणाचं कारण, म्हणजे पहिल्यांदाच घडलेल्या गोष्टी जास्त लक्षात राहतात हे. त्याच्या बाजूने एक फार बोलका पुरावा आहे. रॉबर्ट श्राउफ आणि रुबिन यांनी १९९८ साली स्थलांतर केलेल्या लोकांच्या आठवणी तपासल्या. जे तिशी उलटल्यावर देश सोडून गेले होते, त्यांचा उंचवटा त्या स्थलांतराच्या वर्षांकडे सरकलेला होता. नुसतं वय कारण असतं, तर तो जागचा हलला नसता.

सूर आणि आठवण मेंदूत भेटतात कुठे, याचा माग पेत्र यानाता यांनी २००९ साली घेतला. लोकांच्या लहानपणच्या-तरुणपणच्या काळातली गाणी लावली, तेव्हा कपाळामागच्या मधल्या भागात, जिथे स्वतःविषयीचे विचार चालतात, तिथे जास्त हालचाल दिसली. गाण्याला आठवण चिकटलेली असली की ती आणखी वाढायची.

मग ‘आमच्या वेळची मजा आता नाही’ हे खरं की खोटं? उंचवट्यापुरतं खोटं. आजच्या पोरांनाही पन्नाशीत आजचीच गाणी छळणार आहेत. शिवाय कॅरल क्रुमहान्सल यांना २०१३ साली असं आढळलं की विशीतल्या मुलांच्या मनात आपल्या आईवडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांचाही एक छोटा उंचवटा असतो. घरात ते वाजत होतं, एवढंच त्याचं कारण असावं. पण क्रमाबद्दल मी माझं म्हणणं सोडणार नाही. फोनवरच्या गाण्यांची यादी दर वेळी पिसली जात असेल, तर शांततेत मेंदू कशाची तयारी करणार? आणि ठरलेल्या वेळी एकच मालिका सगळ्यांनी पाहायची नि दुसऱ्या दिवशी तिच्यावर वर्गात वाद घालायचा, ही आठवणींची उजळणीच होती. उजळणी झालेली आठवण टिकते, हे परीक्षेच्या अभ्यासाइतकंच इथेही लागू.

आठवणींना एक खोडही असते. कडू प्रसंगांतला कडवटपणा गोड प्रसंगांतल्या गोडव्यापेक्षा लवकर विरतो. टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली की किती वैताग यायचा! गुंता हलक्या हाताने ओढून काढायचा, षट्कोनी पेन्सिल चक्रातल्या सहा दातांत अडकवून फीत परत गुंडाळायची, आणि तरी चुरगळलेल्या जागी गाणं बुडून बोलल्यासारखं यायचं. आज त्यातली नुसती पेन्सिल आठवते.

१६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो आजाराचं नाव म्हणून. घरापासून लांब झुरणाऱ्या माणसांचा आजार. आपल्याकडे त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतात, आणि सध्याचं संशोधन या शब्दाच्या बाजूने झुकलेलं दिसतं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या कॉन्स्टंटीन सेडिकिडिस आणि टिम वाइल्डशूट यांच्या प्रयोगांत एकटेपणा आला की माणसं जुन्या आठवणींकडे वळली, आणि त्या काढल्यावर आपल्याला आपली माणसं आहेत ही भावना वाढली.

ते गाणं मी परत लावून पाहिलं. माझ्या कॅसेटवर दुसऱ्या कडव्यानंतर निवेदकाचा आवाज यायचा आणि मी घाईघाईने बटण दाबलेलं असायचं. आता कळलं, पुढे तिसरं कडवं आहे. चांगलं आहे. पण दुसरं संपलं की माझा अंगठा अजून बटण शोधतो.