झोस्तोवो तबके

झोस्तोवो तबके : मॉस्कोच्या उत्तरेला झोस्तोवो नावाचे खेडे आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत लोखंडी पत्र्यावर बहुधा काळे रोगण चढवून, त्यावर हाताने फुले रंगवून ही तबके केली जातात. रशियन भाषेत तबकाला ‘पोदनोस’ म्हणतात. समोवरखाली (समोवर म्हणजे चहाचे पाणी तापवायचे रशियन भांडे) ठेवायची, चहाचे पेले फिरवायची ही रोजच्या वापरातली वस्तू. पण रंगकाम इतके देखणे की लोक ती भिंतीवरही टांगू लागले.

या कलेचा उगम व्हिश्न्याकोव घराण्याकडे जातो. हे काउंट शेरेमेत्येव यांचे भूदास. शेजारच्या फेदोस्किनो गावात कागदाच्या लगद्यापासून रोगणकामाच्या डब्या करण्याचा धंदा 18 व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला होता. व्हिश्न्याकोवांनीही आधी लगद्याच्याच वस्तू केल्या, तबकेसुद्धा. मग पत्रा आला. ओसिप व्हिश्न्याकोव यांच्या कारखान्याच्या जुन्या दरपत्रकावर स्थापनेचे वर्ष 1825 दिलेले आहे आणि तेच आज या कलेचे जन्मवर्ष मानतात. मात्र रशियातली पहिली रंगीत धातूची तबके इथली नव्हेत. तो मान उरल पर्वतातल्या निझ्नी तागील या लोखंडाच्या गावाचा. तिथे हे काम 18 व्या शतकातच चालू होते. तागीलचा कारागीर एकाच कुंचल्यावर दोन रंग घेऊन एका फटकाऱ्यात पाकळी उमटवतो. झोस्तोवोची पाकळी थरांनी चढत जाते, आणि दोन्हींतला खरा फरक तिथेच दिसतो.

पत्रा कापून, ठोकून किंवा साच्यात दाबून आकार देतात. कड तारेवर वळवून घेतात, म्हणजे तबक वाकत नाही. मग अस्तर, घासकाम, आणि काळ्या रोगणाचे एकावर एक हात. प्रत्येक हात भट्टीत वाळवायचा. ‘लाखकाम’ म्हटले की सावंतवाडीमुळे आपल्याला किड्यापासून मिळणारी लाख आठवते. इथले रोगण जवसाच्या तेलाचे असते.

रंगवायला बसलेला कारागीर तबक मांडीवर घेतो, काठांवर एक लाकडी पट्टी आडवी टाकतो आणि तिच्यावर हात टेकवतो. कुंचला खारीच्या केसांचा. वळण घ्यायचे असले की बऱ्याचदा कुंचल्याऐवजी तबकच फिरते. समोर चित्र नसते, पत्र्यावर पेन्सिलची रेघही नसते. आधी ‘झमाल्योवक’ : पातळ, पांढरट रंगात फुलांचे आणि पानांचे नुसते आकार, काळ्या पाण्यावर धुके तरंगावे तसे. तबक भट्टीत जाते. वाळल्यावर ‘तेन्योझ्का’, म्हणजे पारदर्शक रंगाच्या सावल्या. त्यांनी फूल खोल होते. ‘प्रक्लाद्का’त दाट रंगाने पाकळ्या घडतात, ‘ब्लिकोव्का’त त्यांवर उजेड पडतो. ‘चेर्त्योझ्का’ म्हणजे बारीक रेघांनी कडा आणि शिरा उठवणे, केसर टिपणे. शेवटी ‘प्रिव्याझ्का’ : गवताच्या नाजूक काड्यांनी आणि वेलींनी सगळा गुच्छ काळ्या जमिनीशी, म्हणजे पार्श्वभूमीशी, बांधून टाकणे. गुलाब, पिओनी, डेलिया, ट्युलिप ओळखू येतात, पण बागेत जाऊन ताडून पाहावे असे त्यांतले एकही नसते. ती हाताला पाठ असलेली फुले आहेत. म्हणूनच एकाच कारागिराची दोन तबके सारखी निघत नाहीत. कडेच्या सोनेरी नक्षीला ‘उबोर्का’ म्हणतात.

19 व्या शतकात निसर्गदृश्ये, तीन घोड्यांच्या गाड्या आणि चहापानाचे प्रसंगही रंगवले जात. ज्योतीच्या काजळीने कासवाच्या पाठीसारखी जमीन करीत, शिंपल्याचे तुकडेही जडवीत. सोव्हिएत काळात, 1928 मध्ये, कारागिरांच्या विखुरलेल्या मंडळ्या ‘मेतालोपोदनोस’ या सहकारी संस्थेत एकत्र आल्या. त्या सुमारास बाहेरच्या चित्रकारांनी नमुने आखून देऊन तेच उतरवून घेण्याचा प्रयत्न केला. कारागिरांनी विरोध केला, आणि ते योग्यच झाले. नमुना उतरवणाऱ्या हाताला हे फूल जमत नाही. 1960 मध्ये संस्थेचे झोस्तोवो शोभारंगकाम कारखान्यात रूपांतर झाले.

जुने तबक हातात घेतले की आधी पाठ चाचपावी : ठोकलेला पत्रा बोटांना किंचित उंचसखल लागतो. समोवर ठेवून ठेवून मधला भाग झिजलेला असतो. वरचे पारदर्शक रोगण वयाने पिवळे पडते, त्यामुळे पांढरा गुलाब लोण्याच्या रंगाचा दिसतो आणि निळे फूल हिरवटाकडे झुकते. हौशी माणूस त्याला मळ समजून घासायला घेतो. तसे करू नये. ‘ब्लिकोव्का’चा उजेड आणि ‘चेर्त्योझ्का’च्या रेघा रोगणाला लागूनच असतात, आणि त्याच पहिल्यांदा निघून जातात.