गिटारचं पॉलिश आणि फ्रेटबोर्डचं तेल: कोणती बाटली कुठे वापरायची?

ऑनलाइन ‘गिटार क्लीनर’ शोधलं की दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसतात. डनलॉपच्याच घ्या: दोन्हींच्या नावात 65 हा आकडा, दोन्ही साधारण 118 मिलिलिटरच्या. एक गिटार पॉलिश, दुसरं लेमन ऑइल. तालुक्याच्या गावी दुकानात जाऊन चार प्रश्न विचारायची सोय नसते, म्हणून मुलं फोटो बघून मागवतात आणि जी बाटली आली ती अख्ख्या गिटारला चोळतात. बाटल्या दोन्ही चांगल्या आहेत. पण एकीचं काम दुसरीला जमत नाही, कारण गिटारवर लाकूड दोन वेगळ्या अवस्थांत असतं, एका जागी झाकलेलं आणि एका जागी उघडं.

हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. बॉडीवर, साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) खाली बोट फिरवा. सरसर घसरेल, कुठे अडणार नाही. तिथे तुमचं बोट स्प्रूस किंवा सीडरच्या लाकडाला लागतच नाही, वरच्या फिनिशला, म्हणजे लाकडावर चढवलेल्या पातळ थराला लागतं. आजच्या बहुतेक गिटारींवर हे फिनिश पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचं असतं. आता फ्रेटबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) तारा दाबायच्या पट्टीवर, दोन फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधे नख हलकेच ओढा. बारीक रंध्रं आणि लाकडाच्या रेषा जाणवतात. हे उघडं लाकूड. ब्रिजही, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडाही, बहुधा असाच उघडा असतो, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पॉलिशचं सगळं काम फिनिशच्या वर चालतं. घामाचे, बोटांचे ठसे ते उचलतं आणि बहुतेक पॉलिश मागे मेणाचा पातळ थर सोडतात. त्याने लाकडाला ‘पोषण’ मिळतं असं जाहिरातीत म्हणतात, पण फिनिशखालच्या लाकडापर्यंत ते पोचतच नाही. हेच पॉलिश फ्रेटबोर्डला लावलं तर मेण रंध्रांत आणि फ्रेटच्या कडेला साचतं, त्यात घाम आणि धूळ मिसळते आणि काळपट चिकट गाळ तयार होतो. तो नंतर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडून काढावा लागतो.

तेलाचं उलट आहे. शिसवी किंवा एबनीच्या उघड्या लाकडात ते जिरतं, फिकट पडलेला रंग पुन्हा गडद दिसतो, कोरडेपणा कमी होतो. फिनिशवर मात्र त्याला जिरायला जागा नाही. तिथे ते नुसतं पसरतं, फडक्याने पुसलं तरी ओघळ राहतात आणि धूळ धरून ठेवतं. फिनिशला कुठे तडा गेलेला असेल तर तेल त्यातून आत उतरतं, आणि पुढे तो तडा चिकटवायची वेळ आली की तेलकट लाकडाला गोंद धरत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला विचारून बघा, यापेक्षा वैताग आणणारी गोष्ट त्याच्यासाठी क्वचितच असेल. फर्निचरला चमक आणणाऱ्या पुष्कळशा स्प्रेमधलं सिलिकॉनही असंच आहे. त्याच्यावर नवं फिनिश बसत नाही.

फ्रेटबोर्ड काळा-तपकिरी दिसतो म्हणून तो शिसवीच असेल असं नाही. 2017 मध्ये शिसवीच्या वर्गातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या होत्या. कॅटलॉगमध्ये ‘इंडियन लॉरेल’ लिहिलेलं असतं ते आपल्याकडचं ऐनाचं लाकूड. तेही उघडंच असतं, तेल चालतं. स्वस्त गिटारीत फिकट लाकूड काळं रंगवलेलं असतं. पहिल्यांदा तेल लावताना फडकं काळं झालं तर तो मळ नसून रंग असू शकतो, तेव्हा जोर लावून घासत बसू नका. मेपलचा पिवळसर फ्रेटबोर्ड बहुधा फिनिश केलेला असतो, त्याला तेल नको. कागद आणि रेझिन दाबून केलेल्या रिचलाइटच्या फ्रेटबोर्डलाही तेलाची गरज नाही, ओलसर फडकं पुरे.

बॉडीलाही अपवाद आहेत. मॅट किंवा सॅटिन फिनिशवर पॉलिश घासलं की ठिकठिकाणी चमकदार चट्टे पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत. जुन्या किंवा महागड्या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असू शकतं. हाताने बनवलेल्या क्लासिकल गिटारवर अनेकदा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे सुतार वापरतात त्याच लाखेचं, चपड्याचं. फ्रेंच पॉलिश अल्कोहोलने विरघळतं, आणि लॅकरही त्याने खराब होऊ शकतं. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट आणि हातावरचं न वाळलेलं सॅनिटायझरसुद्धा अशा गिटारजवळ नको.

भाच्याचा लातूरहून, क्लासच्या होस्टेलवरून फोन आला होता. “मामा, खोलीत करडईचं तेल आहे, तेच लावलं तर?” प्रश्न रास्त आहे. तेल लगेच हवं आणि ते डब्यात आहेच. पण करडईचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं, म्हणून तर ते चित्रकारांच्या रंगांतही वापरतात. फ्रेटबोर्डवर लावलं तर काही आठवड्यांनी बोटं चिकटायला लागतात. जवसाचं तेल याहून पुढचं, ते वाळून कडक थर धरतं. शिवाय त्यात भिजलेला बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर आपोआप तापून पेट घेऊ शकतो, आणि ही अतिशयोक्ती नाही. वापरलंच असेल तर फडकं उघडं पसरून वाळवा. खोबरेल वाळत नाही, पण पुढे खवट होतं, आणि परभणीच्या थंडीत, 24 अंशांच्या खाली, गोठतं.

गिटारसाठी विकलं जाणारं लेमन ऑइल बहुतेक वेळा मिनरल ऑइलच असतं, त्यात थोडा लिंबाचा वास आणि अर्क. मिनरल ऑइल ना वाळतं, ना खवट होतं. हेच तेल मेडिकलमध्ये ‘लिक्विड पॅराफिन’ म्हणून स्वस्तात मिळतं. भाच्याला मी तेच घ्यायला सांगितलं. घेताना लेबल वाचा: नुसतं लिक्विड पॅराफिन हवं. बद्धकोष्ठावरचं पांढरं, दुधट औषध नको, त्यात दुसरे घटक मिसळलेले असतात.

लावायचं अगदी थोडं. तारा बदलताना सगळ्या काढा, कोरड्या फडक्याने धूळ झटका, फडक्यावर चार-पाच थेंब घ्या, फ्रेटच्या समांतर पुसत जा, पाच मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्याने उरलेलं सगळं टिपून घ्या. वर्षातून एकदा-दोनदा बास. दर महिन्याला तेल पाजलं तर लाकूड मऊ पडतं आणि फ्रेट सैल होण्याची भीती असते. जे तेल जिरलं नाही ते तारांना लागतं, आणि नव्या तारांचा आवाज दोन दिवसांत मरतो.

बॉडीसाठी तर पॉलिशचीही रोज गरज नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात घरात जी बारीक धूळ येते ती कोरड्या फडक्याने रगडली की फिनिशवर ओरखडे उठतात. आधी फुंकर मारा किंवा मऊ ब्रशने झटका. मग मायक्रोफायबरचं फडकं जरासं ओलं करा. पाणी बोअरचं नको, त्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके सोडतात. आरओचं किंवा जारचं चालेल. लगेच कोरडं पुसा. एवढ्याने हटला नाही तो डागच पॉलिशसाठी ठेवा, आणि तेव्हाही पॉलिश फडक्यावर घ्या, थेट गिटारवर फवारू नका.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र दोन्ही बाटल्यांच्या बाहेर आहे. मे महिन्यात बीड, जालना, नांदेडकडे दुपारी 42 अंश आणि हवेत ओलावा 20 टक्क्यांच्या आसपास. गिटारला हवा असतो 45 ते 55 टक्के. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचायला लागतात, आणि मुलं समजतात की फ्रेटबोर्ड सुकला, तेल लावू. तेलाने कड दिसायला बरी होते, आकसलेलं लाकूड फुगत नाही, आणि बॉडीवर उभा तडा जायचा तो जातोच. त्यासाठी गिटार बॅगेत बंद ठेवावी आणि आत ओलावा देणारी स्पंजची डबी टाकावी. कूलर हवा ओली करतो खरा, पण त्याच्या झोताच्या समोर गिटार ठेवणं सगळ्यात वाईट. कूलर चालू असताना लाकूड फुगतं, लाइट गेली की आकसतं, दिवसातून तीन-चार वेळा.

तेव्हा पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर बाटली कोणतीच नको, छोटा डिजिटल आर्द्रतामापक आधी घ्या आणि गिटारच्या बॅगेत ठेवा. त्यानंतर तेल, फ्रेटबोर्ड उघड्या लाकडाचा असेल तर. पॉलिश शेवटी, आणि गिटार मॅट असेल तर कधीच नाही.