मिश्र गालिचा आपोआप जमत नाही

'टाकीच्या तळाशी हिरवा गालिचा हवा तर दोन-तीन बुटक्या वनस्पती मिसळून लावा, त्या आपापली जागा वाटून घेतात,' हा सल्ला ॲक्वेरियमवाल्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. वनस्पती काही वाटून घेत नाहीत. जी वेगाने वाढते ती दुसरीचा उजेड खाते, एवढंच.

नेहमी लावली जाणारी एक जोडी घ्या: माँटे कार्लो आणि ड्वार्फ हेअरग्रास. माँटे कार्लो मातीवर सरपटते. हेअरग्रासचे धुमारे मातीखालून जातात आणि थोड्या अंतरावर, बरोबर माँटे कार्लोच्या मधोमध, चार हिरव्या सुया वर काढतात. त्या उपटायला गेलात की धुमाऱ्याबरोबर गालिच्याचा तुकडाच हातात येतो. (चिमट्याने करा, बोटांनी तर नकोच.) दुसरी जोडी एचसी क्यूबा (हेमिअँथस कॅलिट्रिकॉइडीस) आणि माँटे कार्लो: दोन्ही सरपटणाऱ्याच, पण माँटे कार्लोची पानं मोठी आणि वाढ जोमदार. काही महिन्यांत क्यूबा तिच्याखाली पिवळी पडते. त्यात पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर क्यूबाची गत आणखी वाईट.

मग मिश्र गालिचा करायचाच नाही का? करा, पण पट्टे आखून. हेअरग्रासचे धुमारे अडवायला पट्ट्यांच्या मध्ये दगड नुसते वर ठेवून भागत नाही, ते मातीत तळापर्यंत रोवा. मार्सिलियासारखी संथ वनस्पती आधी लावा, तिला मूळ धरू द्या, मगच तिच्या शेजारी दुसरी लावा. आणि माँटे कार्लो पातळ कापत राहा. थर जाड झाला की खालची देठं उजेडाविना कुजतात आणि एके सकाळी अख्खी चादर पाण्यावर तरंगताना दिसते.