तानाग्राच्या बायका मातकट नव्हत्या

ग्रीक मातीच्या बाहुल्यांचा फोटो दिसला की खाली हमखास लिहिलेलं असतं: ‘प्राचीन ग्रीकांना रंगांचा सोस नव्हता, मातीचा साधेपणाच त्यांना प्रिय.’ हे साफ चुकीचं आहे, आणि त्या कारागिरांवर अन्याय करणारंही.

ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतात तानाग्रा नावाचं गाव आहे. 1870 च्या सुमारास तिथल्या थडग्यांतून वीतभर उंचीच्या शेकडो मूर्ती निघाल्या. बहुतेक बायकांच्या: अंगभर पदर लपेटलेल्या, कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या डोक्यावर टोकदार टोपी. इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या.

मूर्ती साच्यात घडवायची, भाजण्याआधी पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा आणि भट्टीतून निघाल्यावर रंगवायची, अशी ती पद्धत. रंग भाजलेला नसल्यामुळे तो जमिनीतल्या ओलीने, आणि नंतरच्या घासपुशीनेही, गळून गेला. उरली ती माती, आणि आपण तिलाच ‘साधेपणा’ म्हणून बसलो!

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली ‘निळ्या वस्त्रातली स्त्री’ नीट पाहा. निळी शाल, तिच्या काठाला सोन्याचा मुलामा. काय देखणी दिसते ती! इतर मूर्तींवर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून केलेला गुलाबीही सापडतो. केस तांबूस, ओठ लाल.

या सगळ्या तानाग्रातच जन्मल्या, हेही खरं नाही. ही घडण बहुधा अथेन्समध्ये सुरू झाली; पुढे अलेक्झांड्रियापर्यंत पोचली.