शुगर निघाली, आता घरातल्या दुसऱ्याचं काय?

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के वा त्याहून जास्त आलं आणि फेरतपासणीतही तेच दिसलं, की डॉक्टर मधुमेहाचं निदान करतात. मग घरात पहारा सुरू होतो. "हे खाऊ नका, त्याला हात लावू नका." या टोकण्यातून साखर फारशी उतरत नाही, माणूस चोरून खायला मात्र शिकतो. दुसरीकडे ज्वारीची भाकरी कितीही चालते, असा मराठवाड्यात पक्का समज. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६५-७० ग्रॅम कर्बोदकं असतात, तेव्हा भाकरीही मोजूनच खायची.

जोडीदाराचं खरं काम पहाऱ्याचं नाही, शुगर डाऊन झालेली ओळखण्याचं आहे. साखर ७० च्या खाली गेली की शरीर अॅड्रेनालिन सोडतं. घाम फुटतो, हात थरथरतात. आणखी उतरली की मेंदूला ग्लुकोज पुरत नाही आणि माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं, आज पुन्हा डोकं फिरलंय. अशा वेळी वाद बाजूला ठेवून आधी ग्लुकोमीटर काढावा. तो नसला तरी थांबू नये. पाण्यात चहाचे तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि ७० च्या खालीच असेल तर तेवढीच परत द्यावी. गोळ्यांत व्होग्लिबोज असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारं आतड्यातलं विकरच ही गोळी अडवते. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

रुग्ण घरची बाई असेल तर घोळ वेगळाच होतो. जेवणाआधीचं इन्शुलिन घेऊन ती सगळ्यांना वाढत बसते, स्वतः शेवटी जेवते आणि तोवर साखर घसरलेली असते. इंजेक्शन घेतलं की तिचं ताट आधी. वाढायला नवऱ्याला हात आहेत.

जोडीदारानेही साखर तपासून घ्यावी. नवरा-बायकोपैकी एकाला मधुमेह असेल तर दुसऱ्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेला, असं २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. रक्ताचं नातं नसलं तरी ताट, जेवणाची वेळ आणि बैठक एकच असते.

राहिलं इन्शुलिन. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरातलं बहुतेक इन्शुलिन ३० अंशांखाली चार आठवडे टिकतं, पण इथला मे ४० च्या वर जातो. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत वाळू आणि ती सतत ओली. लहान मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्शुलिन. हे सावलीत, वारा लागेल तिथे ठेवावं. कोरड्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, म्हणून गारवा चांगला येतो. पावसाळी दमट हवेत तेवढा येत नाही. फ्रीज असलाच तर बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी फेकून द्यावं.